सरासरीने फसू नका

वरोऱ्याच्या कृषी उत्पन्न बाजार समितीत कापूस, सोयाबीन, चणा येतो. रोजच्या दरपत्रकात तीन आकडे असतात: किमान, कमाल आणि सर्वसाधारण दर. पुष्कळ व्यापारी बंधू पहिले दोन मिळवून निम्मे करतात व त्यालाच सरासरी भाव समजतात. हा हिशेब चुकीचा आहे.

समजा, १०० क्विंटल कापूस आला. ९० क्विंटल ७,००० रुपयांनी गेला, १० क्विंटल भिजलेला माल ६,००० ने. निम्मे केले तर ६,५०० येतात. पण खरी सरासरी, म्हणजे एकूण रक्कम भागिले एकूण वजन, ६,९०० निघते. क्विंटलमागे ४०० रुपयांची तफावत! म्हणून सर्वसाधारण दर पाहावा. ज्या भावाच्या आसपास जास्तीत जास्त माल विकला जातो तो हा दर. शाळेच्या पुस्तकात त्याला बहुलक म्हणतात.

आता दुकानाचा गल्ला घ्या. एखाद्या शिलाई कारागिराची सात दिवसांची कमाई अशी धरू: ३००, ३५०, ३००, ४००, ३५०, ३०० आणि ईदच्या आदल्या दिवशी २,२००. बेरीज ४,२००, सरासरी ६००. पण ६०० रुपये त्याला एकाही दिवशी मिळालेले नाहीत! या भरवशावर त्याने महिन्याचा हप्ता बांधून घेतला तर अडचण ठरलेली. हेच आकडे लहान-मोठे क्रमाने लावा आणि मधला, म्हणजे चौथा, उचला: ३५०. हा मध्यक. एका दिवसाच्या मोठ्या कमाईने तो हलत नाही. सणाचा धंदा वेगळ्या पानावर लिहावा हे आपल्या जुन्या दुकानदारांना कोणी शिकवावे लागत नसे.

सरासरी सारखी असूनही माणसे सारखी नसतात. नागपूरहून माल पाठवणारे दोन ठोक व्यापारी समजा. पहिल्याच्या पाच खेपा ५, ६, ७, ६, ६ दिवसांत पोचल्या. दुसऱ्याच्या २, १०, ३, १२, ३ दिवसांत. दोघांची सरासरी ६ दिवसच. प्रत्येक खेप सहापासून किती दूर गेली ते मोजा, अधिक-उणे न पाहता बेरीज करा, पाचाने भागा. पहिल्याचा फरक अर्ध्या दिवसाहून कमी, दुसऱ्याचा चार दिवस. याला सरासरी विचलन म्हणतात. प्रमाण विचलन हा त्याचाच मोठा भाऊ. त्यात फरकांचे वर्ग करतात, दुकानासाठी त्याची घाई नाही. दुसऱ्याकडून माल घ्यायचा तर तो किमान बारा दिवस आधी मागवावा लागेल, आणि तेवढा साठा ठेवण्यात अडकलेले भांडवल त्याच्या भावात मिळवूनच तो स्वस्त की महाग ते ठरवा.