पायाला बसेल तो बूट, खिशाला झेपेल तो खर्च

पहाटे पाच-साडेपाचची वेळ. खंबाटकी घाटाच्या पायथ्याशी खंडाळ्यात अजून अंधार असतो, पण मुलामुलींचे घोळके धावायला बाहेर पडलेले असतात. कुणाला पोलीस व्हायचे असते, कुणाला सैन्यात जायचे असते. २०२४ सालच्या पोलीस शिपाई भरतीत मैदानी चाचणीच्या ५० गुणांपैकी २० गुण एकट्या लांब धावण्याला होते. मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर धावायचे होते. म्हणजे घरात पहिली सरकारी नोकरी येणार की नाही, हे पुष्कळ अंशी पायांवर ठरते.

आणि इथेच घरात प्रश्न उभा राहतो. बाप शिरवळच्या कारखान्यात कंत्राटावर, आई दुसऱ्याच्या रानात मजुरीला. लेक म्हणते, बूट पाहिजेत. दुकानदार सहा हजारांचा जोड पुढे करतो. शेजारचे काका म्हणतात, "बूट कशाला? आम्ही अनवाणीच वाढलो." आईबापांनी ऐकावे कुणाचे?

बंधू-भगिनींनो, या प्रश्नाचे उत्तर शोधताना विनयपिटकाच्या महावग्गातील सोण कोळिविसाची कथा आठवते. हा चंपानगरीचा श्रीमंत श्रेष्ठीपुत्र. पाय इतके नाजूक की तळव्यांवर लव होती. भिक्खू झाल्यावर तो चालत चालत ध्यान करू लागला आणि चालण्याची वाट पायांच्या रक्ताने भरली. तथागतांनी त्याला वीणेचा दाखला दिला. तार फार ताणली तरी सूर लागत नाही, फार सैल सोडली तरी लागत नाही. हा दाखला आपल्यापैकी पुष्कळांनी विहारात ऐकला असेल. पण कथा तिथे संपत नाही. पुढे तथागतांनी सोणाला एकपदरी वहाणा वापरण्याची परवानगी दिली. तेव्हा सोण म्हणाला की एवढी संपत्ती सोडून आलेला मी आता वहाणांना चिकटलो, असे लोक म्हणतील. सगळ्या संघाला परवानगी मिळणार असेल तरच मी घालीन. तथागतांनी ती सर्व भिक्खूंना दिली, मात्र वहाण एकपदरी असावी, दुपदरी-तिपदरी नको असे सांगितले.

पायांतून रक्त काढणे म्हणजे साधना नव्हे आणि पदरावर पदर चढवणे ही गरज नव्हे. मधला मार्ग तो हाच.

अनवाणी धावण्याचे कौतुक करणारे इथियोपियाच्या अबेबे बिकिलाचे नाव घेतात. १९६० साली रोम ऑलिंपिकची मॅरेथॉन त्याने अनवाणी जिंकली, हे खरे. पण त्याला मिळालेले नवे बूट पायाला नीट बसत नव्हते, म्हणून तो अनवाणी धावला. १९६४ साली टोकियोत तोच बिकिला बूट घालून धावला आणि पुन्हा जिंकला. आपल्या जवळ बारामतीला लता करे या वयस्कर माउली पतीच्या उपचारासाठी पैसे मिळावेत म्हणून नऊवारी लुगड्यात अनवाणी धावल्या आणि जिंकल्या. त्यांच्या जीवनावरचा चित्रपट २०२० साली आला. त्यांच्या जिद्दीला मानाचा मुजरा. पण त्यांचे अनवाणी पाय हा लाचारीचा पुरावा आहे, अनुकरणाचा धडा नव्हे. ज्यांच्या आजी-आजोबांना वरच्या आळीतून जाताना वहाणा हातात घ्याव्या लागल्या, त्यांनी तरी अनवाणीपणाचा गौरव करू नये.

मग पैसा घालायचा कुठे? पहिला पैसा बुटांना. बूट संध्याकाळी घ्यावेत, कारण दिवसभरात पाय थोडे सुजतात. मोजे घालूनच पाहावेत. सर्वांत लांब बोटापुढे अंगठ्याएवढी जागा असावी, टाच मात्र सैल हलू नये. धावण्याचा चांगला जोड साधारण ५०० ते ८०० किलोमीटर टिकतो. रोज ५ किलोमीटर, आठवड्यातले सहा दिवस धावले, तर ६०० किलोमीटर पाच महिन्यांत होतात. समजा, अडीच हजारांचा जोड ६०० किलोमीटर चालला, तर किलोमीटरला सव्वाचार रुपये पडले. सातशेचा जोड दीडशे किलोमीटरला फाटला, तर पावणेपाच रुपये पडले. स्वस्त तेच महाग झाले. आणि सहा हजारांचा जोडही ६०० किलोमीटरच चालला, तर किलोमीटरला दहा रुपये. ते वरचे पैसे बहुतेक नावाचे आणि रंगाचे.

दुसरा पैसा मोज्यांना. सुती मोजे घाम धरून ठेवतात, फोड येतात. घाम लवकर सुकवणारे मोजे थोडेच महाग असतात. तिसरा पैसा मुलींच्या आतल्या कपड्यांसाठी, धावताना नीट आधार देणारे. आईने लाजू नये आणि लेकीलाही लाजू देऊ नये.

आता कुठे हात आखडावा? घड्याळासाठी हजारो रुपये नकोत. ४०० मीटरच्या मैदानाच्या चार फेऱ्या म्हणजे १६०० मीटर, वेळ साध्या मोबाईलवर कळते. रंगीत पेयांच्या बाटल्या नकोत. पाच-सहा मिनिटांच्या धावण्याला पाणी पुरते. सातारा हिल हाफ मॅरेथॉनसारखे २१ किलोमीटर घाटात धावायचे असेल, तर लिटरभर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ घालावे आणि लिंबू पिळावे. तळात कार्बनची पट्टी असलेले भारी बूट २०१७ पासून गाजत आहेत. प्रयोगशाळेत त्यांनी सरासरी चार टक्के शक्ती वाचवली. पण त्या चार टक्क्यांआधी झोप, डाळ-अंडी आणि रोजचा सराव यांतून मिळणारे कितीतरी अधिक आहे. बुटांसाठी कर्ज तर मुळीच काढू नये. आणि नवे बूट चाचणीच्या दिवशी पहिल्यांदा घालू नयेत, आधी दोन-तीन आठवडे त्यांत धावावे. नडगी किंवा गुडघा सतत दुखत असेल, तर दुकानात नव्हे, दवाखान्यात जावे.

शेवटी पुन्हा सोणाकडे येऊ. एकट्यासाठी मिळालेली वहाण त्याने नाकारली. आपल्या घरात मात्र पुष्कळदा मुलाला नवा जोड आणि मुलीला त्याचाच जुना जोड, पुढे बोळा कोंबून. याच खंडाळा तालुक्यातील नायगावात ३ जानेवारी १८३१ रोजी सावित्रीबाई जन्मल्या. याच सातारा जिल्ह्यातील माण तालुक्याच्या मोही गावची ललिता बाबर २०१६ साली रिओ ऑलिंपिकमध्ये ३००० मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावली आणि दहावी आली. दुसऱ्याच्या मापाच्या बुटात मुलीला पळवून तिचा वेग मोजणे हा अन्याय आहे.

म्हणून एकच जोड घेण्याइतके पैसे असतील, तर ज्याची चाचणी आधी त्याला तो घ्यावा, मग तो मुलगा असो की मुलगी. दुसऱ्यासाठी पुढच्या महिन्यापासून डब्यात पैसे टाकावेत. वस्तीतल्या मंडळाने जयंतीच्या वर्गणीतून दोन-चार जोड घेतले, तर ध्वनिक्षेपकाची एक भिंत कमी होईल एवढेच. पण एखाद्या घरात वर्दी येईल.

जय भीम.