ग्रंथालयाला कुलूप लावण्यापूर्वी

एखाद्या वस्तीतल्या विहिरीच्या पाण्याला वास येऊ लागला. शेजारी पूर्वी रसायनांचा कारखाना होता, एवढेच लोकांना आठवते. त्या कारखान्यात काय तयार होत होते, त्याचा कचरा कुठे गेला, त्या रसायनाने माणसाला काय होते, हे विचारायचे कुणाला? अमेरिकेत असा प्रश्न घेऊन जाण्याची एक जागा म्हणजे तेथील सरकारच्या पर्यावरण संरक्षण संस्थेचे, म्हणजे 'ईपीए'चे ग्रंथालय.

ही संस्था १९७० च्या डिसेंबरात स्थापन झाली आणि पुढच्याच वर्षी तिच्या ग्रंथालयांचे जाळे उभे राहू लागले. २००६ पर्यंत मुख्यालय, प्रादेशिक कार्यालये आणि प्रयोगशाळा मिळून अशी २६ ग्रंथालये झाली होती. हवा, पाणी, कीटकनाशके, घातक कचरा यांवरचे अहवाल आणि संशोधनपत्रिका तिथे होत्या. शिकागोच्या ग्रंथालयात 'ग्रेट लेक्स' या महासरोवरांविषयीचा मोठा संग्रह होता. संस्थेचे शास्त्रज्ञ, तपासनीस, वकील तिथे येत आणि सामान्य नागरिकही येत.

२००६ मध्ये अर्थसंकल्पात या ग्रंथालयांसाठी २० लाख डॉलरची कपात सुचवण्यात आली. संसदेची मंजुरी मिळण्याची वाट न पाहता संस्थेने कामाला सुरुवात केली. शिकागो, डलास आणि कॅन्सस सिटी येथील ग्रंथालये बंद झाली. या तीन विभागांत मिळून १५ राज्ये येतात. वॉशिंग्टनमधील मुख्यालयाच्या ग्रंथालयाचे दार वाचकांना बंद झाले आणि तिथलेच रसायनविषयक ग्रंथालयही मिटले. काही पुस्तके इतर ग्रंथालयांत गेली, काही टाकून देण्यात आली.

संस्थेचे म्हणणे असे, की आता सारे संगणकावर येणार आहे, मग पुस्तकांसाठी जागा आणि माणसे कशाला अडकवायची? वरवर पाहता हे पटण्यासारखे आहे. पण त्यात तीन अडचणी होत्या. पहिली अडचण स्वामित्वहक्काची. संस्थेने स्वतः प्रसिद्ध केलेले अहवाल संगणकावर चढवता येतात, पण इतरांची पुस्तके आणि पत्रिका तशा चढवता येत नाहीत. दुसरी अडचण सूचीची. कागदाचे छायाचित्र संगणकात गेले म्हणजे तो कागद सापडेलच असे नाही. त्याची नोंद नीट झालेली नसेल, तर तो असून नसल्यासारखाच. तिसरी अडचण माणसाची. विहिरीचे पाणी का नासले, असे विचारत आलेल्या माणसाला नेमके काय शोधायचे हेच ठाऊक नसते. त्याच्या प्रश्नातून योग्य शब्द काढून योग्य अहवालापर्यंत त्याला नेतो तो अनुभवी ग्रंथपाल.

गंमत अशी, की २००४ मध्ये संस्थेनेच केलेल्या अभ्यासात या ग्रंथालयांवरच्या प्रत्येक डॉलरमागे दोन ते ५.७ डॉलरचा फायदा होतो, असे दिसून आले होते.

ग्रंथपालांच्या संघटनेने आणि संस्थेतल्या शास्त्रज्ञांच्या कामगार संघटनांनी आवाज उठवला. फेब्रुवारी २००७ मध्ये सिनेटच्या समितीपुढे सुनावणी झाली. सरकारी कारभाराची तपासणी करणाऱ्या संसदेच्या कार्यालयाने २००८ च्या आरंभी अहवाल दिला. ग्रंथालये बंद करण्यापूर्वी खर्च आणि फायद्याचा पुरेसा विचार झाला नाही, वाचकांचे म्हणणे नीट ऐकले गेले नाही आणि सेवा अखंड कशी राहील याची योजनाही नव्हती, असा त्याचा निष्कर्ष होता. संसदेने दहा लाख डॉलर देऊन ग्रंथालये पूर्ववत करण्यास सांगितले आणि २००८ च्या सप्टेंबरअखेर बंद दारे पुन्हा उघडली. पण जे कागद टाकून दिले गेले, ते दार उघडल्याने परत येत नाहीत.

या हकिगतीशी आपलेही एक नाते आहे. १९८४ च्या भोपाळ दुर्घटनेनंतर अमेरिकेत १९८६ मध्ये एक कायदा झाला. आपल्या परिसरातील कारखान्यात कोणती घातक रसायने आहेत, हे जाणून घेण्याचा हक्क त्याने नागरिकांना दिला. हा हक्क कायद्याच्या पुस्तकात असून भागत नाही. ज्या कागदात उत्तर आहे तो कागद शाबूत हवा, आणि तो काढून देणारे कुणीतरी हवे.

संगणकाला विरोध करण्याचे कारण नाही. दूरच्या खेड्यातल्या वाचकाला त्याच्यासारखा आधार नाही. प्रश्न आहे तो क्रमाचा. आधी काय आहे ते मोजावे, त्याची सूची करावी, दुर्मीळ प्रती बाजूला ठेवाव्यात, वाचकांना विचारावे. संगणकावर चढवलेले खरोखर सापडते की नाही, हे पडताळून पाहावे. कुलपाचा विचार त्यानंतर करावा. ईपीएने आधी कुलूप लावले आणि योजना मागाहून शोधली. कुठल्याही कार्यालयात 'जुने कागद जागा अडवतात' असे कुणी म्हणू लागले, तर ही शिकागोची गोष्ट त्याला जरूर सांगावी.