जमिनीखालची पवनी

आपल्या भंडारा जिल्ह्यात पवनी नावाचे गाव आहे. तालुक्याचे गाव आहे. करडीच्या मुलखातून वाहत गेलेली वैनगंगा भंडाऱ्यावरून दक्षिणेला उतरते आणि पवनीच्या अंगाने पुढे जाते. पवनीची देवळे आपण पाहिली आहेत. तिथल्या कोष्ट्यांचे लुगडे आपल्या आयाबहिणी नेसल्या आहेत. पण आज दिसते ती पवनी वरची. तिच्याखाली आणखी एक पवनी आहे. ती बावीसशे वर्षांहूनही जुनी आहे. ती कशी सापडली, कोणी शोधली आणि तिच्यापासून आपण काय घ्यायचे, ते आज पाहू.

गाव जमिनीखाली जाते कसे?

आपण म्हणतो, गावाची पांढरी आणि शेताची काळी. शेताची माती काळी असते. माणसे राहतात तिथली माती पांढुरकी का होते? तर तिथे चुलीची राख पडते. मातीच्या भिंती पडतात. शेण, कोंडा, हाडे, फुटकी मडकी, सगळे तिथेच टाकले जाते. भिंत पडली की आपण ती माती उचलून लांब टाकत नाही. तीच चोपतो आणि वर नवे घर बांधतो. नातू पुन्हा त्यावर बांधतो. असे शेकडो वर्षे चालले म्हणजे गावाची जागा उंच होते. तिची टेकडी होते. पुढे रोगराई येते, नदी पात्र बदलते, राज्य बुडते. लोक उठून जातात. मग टेकडीवर गवत वाढते आणि तिथे गाव होते हेच लोक विसरतात.

असे साऱ्या जगात झाले आहे. तुर्कस्थानात ट्रॉय नावाचे एक जुने शहर आहे. ग्रीक लोकांच्या जुन्या युद्धकथांत त्याचे नाव येते. पुष्कळांना वाटे, ही नुसती कथा आहे. हाइनरिश श्लीमान नावाच्या जर्मन माणसाने १८७१ साली तिथली टेकडी खणायला घेतली. आत एकावर एक अशा नऊ वस्त्या निघाल्या! पण श्लीमानने घाई केली. मधोमध मोठा चर खणला आणि जे थर कामाचे होते तेच फोडून टाकले. त्याची हळहळ जाणते लोक आजही करतात. ही गोष्ट ध्यानात ठेवा. पुढे ती आपल्या कामी येणार आहे.

पवनीत काय निघाले?

पवनीला जुनी तटबंदी आहे, खंदक आहे आणि शेजारी वैनगंगा आहे. म्हणजे शत्रूला आत शिरणे कठीण आणि मालाची ने-आण नदीकाठाने सोपी. जुन्या लोकांनी जागा किती विचाराने निवडली, पाहा.

गावाजवळ काही टेकाडे आहेत. एकाला लोक जगन्नाथ टेकडी म्हणतात. दुसऱ्याला हरदोलाला टेकडी म्हणतात. ही टेकाडे कशाची आहेत, ते कोणाला नीट ठाऊक नव्हते. १९६९-७० साली नागपूर विद्यापीठ आणि भारत सरकारचे पुरातत्त्व खाते यांनी मिळून तिथे खोदकाम केले. विद्यापीठाचे डॉ. शां. भा. देव आणि खात्याचे जगत्पती जोशी हे त्या कामाचे प्रमुख होते. १९७२ साली त्यांचा अहवाल पुस्तकरूपाने निघाला.

मातीखाली निघाले ते बौद्ध स्तूप. स्तूप म्हणजे काय? बुद्धाच्या किंवा थोर भिक्खूंच्या अस्थींवर, नाहीतर त्यांच्या आठवणीसाठी, बांधलेला मोठा घुमट. त्याच्या आत राहायचे नसते. भोवतीने प्रदक्षिणा घालायची असते. मध्य प्रदेशातल्या सांचीचा स्तूप सगळ्या जगाला माहीत आहे. पवनीच्या जगन्नाथ टेकडीतल्या स्तूपाचा घेरही तसाच मोठा आहे. या काठापासून त्या काठापर्यंत सुमारे ३८ मीटर. म्हणजे आपली एखादी चांगली रुंद बांधी त्यात मावेल! विटा आणि माती यांनी तो बांधला आणि भोवती दगडी खांबांचे कुंपण उभे केले.

त्या दगडांवर कोरीव काम आहे. एका शिळेवर मुचलिंद नागाचे चित्र आहे आणि जवळ त्याचे नावही कोरले आहे. बुद्ध ध्यानाला बसले असता मोठा पाऊस आला. तेव्हा मुचलिंद नागराजाने त्यांच्यावर फणा धरली, अशी ती कथा आहे. त्या काळी बुद्धाची मूर्ती घडवण्याची रीत नव्हती. झाड, आसन, चक्र अशा खुणांनी बुद्ध दाखवीत.

अक्षरांनी राखलेली नावे

आता एक गोष्ट मुद्दाम सांगतो. ती आपल्या वर्गाची आहे. त्या दगडी खांबांवर दान देणाऱ्यांची नावे कोरली आहेत. एवढा मोठा स्तूप एकट्या राजाने नाही उभा केला. कोणी एक खांब दिला, कोणी एक शिळा दिली, आणि आपले नाव त्यावर लिहवून घेतले. आपण देवळाच्या पायरीवर देणगीदाराचे नाव घालतो ना, तसेच.

ही अक्षरे ब्राह्मी लिपीत आहेत आणि भाषा प्राकृत आहे. आपली आजची देवनागरी त्याच ब्राह्मीची नात-पणती लागते. आपली मराठीही प्राकृतातूनच आली. पण मधल्या काळात ब्राह्मी वाचणारा कोणी उरला नाही. दगड होते, अक्षरे होती, पण ती मुकी झाली होती. जेम्स प्रिन्सेप नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने १८३७ साली ती लिपी उलगडली. तेव्हा साऱ्या देशातले जुने दगड बोलू लागले.

पवनीचे इतर लेखही विद्वानांनी वाचले. नागपूरचे महामहोपाध्याय वासुदेव विष्णु मिराशी यांनी भगदत्त नावाच्या राजाचा लेख वाचला. हा राजा भार घराण्यातला होता. रुपिअम्म नावाच्या महाक्षत्रप कुमाराच्या स्मरणार्थ उभारलेला एक दगडी खांबही पवनीलाच मिळाला. क्षत्रप हे शक लोकांचे सरदार. ते बाहेरून हिंदुस्थानात आले होते. म्हणजे त्या काळी आपल्या वैनगंगेच्या काठापर्यंत दूरदूरच्या माणसांची ये-जा होती. हे दोन लेख नसते तर या दोघांची नावे पवनीशी कोणीच जोडली नसती.

खापराची किंमत

खोदकाम करणारे लोक पहारीने भसाभस खणत नाहीत. दोरी लावून चौकोन आखतात. लहान हत्याराने आणि कुंचल्याने माती थोडी थोडी काढतात. मातीचा रंग बदलला की थांबतात. तिथे नवा थर लागला, असे समजतात. कोणती वस्तू कोणत्या थरात मिळाली, ते लगेच लिहून ठेवतात.

यात खरा कायदा एकच. खालचा थर जुना, वरचा थर नवा. आपल्या घरच्या उकिरड्यासारखेच आहे. तळाशी गेल्या साली टाकलेले, वर काल टाकलेले.

मडक्याचे खापर आपण पायाने उडवतो. पण खापर कुजत नाही आणि दर काळातली मडकी घडवण्याची तऱ्हा वेगळी असते. त्यावरून थराचा काळ कळतो. जळक्या लाकडाचा कोळसा मिळाला तर तो प्रयोगशाळेत तपासून त्याचे वय काढता येते. जळलेले दाणे मिळाले तर लोक काय पिकवीत आणि काय खात, ते समजते. नाण्यावरून राजा कळतो. पण या सगळ्याला एक अट आहे. वस्तू आपल्या थरात, आपल्या जागी मिळाली पाहिजे. जागेवरून उचललेले नाणे म्हणजे पोथीतून फाडलेले पान. अक्षरे दिसतात, पण कथा लागत नाही.

आपले नुकसान कसे होते?

पांढरीची माती खताला चांगली. धानाच्या बांधीत टाकली तर पीक जोर धरते. म्हणून लोक गाडीच्या गाडी भरून नेतात. जुन्या विटा आयत्या मिळतात, त्या घराला लागतात. यात कोणाची वाईट बुद्धी नसते. गरज असते. पण दोन हजार वर्षे टिकलेला थर एका उन्हाळ्यात संपतो आणि तो पुन्हा कधीही तयार होत नाही. खत दुसरीकडून आणता येते. शेण आहे, पाला आहे, बोडीतला गाळ आहे.

दुसरे नुकसान गुप्तधनाच्या नादाने होते. कोणी भोंदू येतो. अमुक टेकडीत हंडा आहे म्हणतो. पैसे घेतो, रात्री खणायला लावतो. हंडा निघत नाही. घरची भांडी मात्र मोडीत जातात. असल्या नादात माणसांचे बळी गेल्याचेही खटले झाले आहेत. पवनीच्या स्तूपात एवढे शोधले, त्यात मोलाचे ठरले ते कोरलेले दगड, खापरे आणि अक्षरे.

काही सापडले तर काय करावं?

धुरा बांधताना, विहीर खणताना कोणालाही जुनी वस्तू लागू शकते. तेव्हा एवढे करावे.

एक, काम तिथेच थांबवावं. आणखी खणू नये.

दोन, वस्तू घासू नये, वितळवू नये, विकू नये. शिळेला शेंदूर फासू नये.

तीन, जागा आणि तारीख कागदावर लिहून ठेवावी. आता आपल्याला लिहिता येते!

चार, तलाठ्याला किंवा तहसीलदाराला लेखी कळवावे आणि अर्जाची पोच घ्यावी.

यासाठी १८७८ सालचा कायदा आहे. दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीची पुरलेली वस्तू सापडली तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवणे सक्तीचे आहे. लपवले तर शिक्षा होते. पण कळवणाऱ्याचे हक्कही त्याच कायद्यात आहेत. सरकारने वस्तू ठेवून घेतली तर तिचे मोल देण्याची तरतूद आहे. म्हणून भिऊन लपवायचे कारण नाही.

पवनीत १९९४ साली पुरातत्त्व खात्याने पुन्हा खोदकाम केले. माती शाबूत होती म्हणूनच ते करता आले. पवनीला जाल तेव्हा देवदर्शन झाल्यावर थोडी वाट वाकडी करून टेकडीवरही जा. मुलांना बरोबर न्या आणि खांब देणाऱ्या लोकांची गोष्ट त्यांना सांगा.

वाचा आणि सांगा

१. गावाची पांढरी उंच का होते?
२. श्लीमानने काय चूक केली?
३. पवनीच्या खांबांवर कोणाची नावे आहेत?
४. शेतात जुने नाणे सापडले तर तुम्ही काय कराल? अर्ज लिहून दाखवा.