वारसा आणि दुभाषी

मी बी. ए. झालेला, कविता करणारा माणूस. संगणकातलं मला काय कळणार? पण पुण्यात प्रोग्राम लिहिणारा माझा भाचा गेल्या ईदला नळदुर्गला आला, तो तोंड उतरवूनच. एका पतसंस्थेसाठी त्यानं प्रोग्राम लिहिला होता. चाचणीत एका म्हातारीच्या बचत खात्यावर शिल्लक दिसली शून्य! पैसे जमा होते, नोंद होती. दोष सगळ्यांनी त्याच्यावर टाकला.

"मामू, मी लिहिलंय ते बरोबर आहे," एवढंच तो म्हणत होता.

संध्याकाळी आम्ही किल्ल्यात गेलो. बोरी नदी अडवणाऱ्या बांधाच्या पोटातच पाणीमहाल आहे. पाण्यानं कुठून जायचं ते ठरवून दिलेलं. भाचा म्हणाला, "आमच्याकडंही असंच. खात्यातल्या रकमेला थेट हात लावायचा नाही. वाचायचं एक दार, बदलायचं दुसरं." या दारांना गेटर आणि सेटर म्हणतात.

'खातं' हा क्लास म्हणजे बाप, 'बचत खातं' त्याचा मुलगा. बापाची दारं मुलाला वारशानं मिळतात. वारशाची ही कल्पना नॉर्वेच्या डाल आणि न्यूगार्ड यांच्या सिम्युला ६७ या भाषेतून आली. शिल्लक सांगताना मुलगा आधी बापाचं दार ठोठावतो, मग उत्तरात व्याज मिळवतो. दार बापाचं असलं, तरी पैसे मोजायचे ते म्हातारीच्या खात्यातले.

मध्ये असतो कंपायलर, म्हणजे माणसाचं लिहिणं यंत्राकडं नेणारा दुभाषी. ग्रेस हॉपर यांनी १९५२ साली अशा कामाचा पाया घातला. इथं दुभाष्यानं प्रश्न बापापर्यंत नेला, पण कोणासाठी विचारतोय तेच गाळलं. बापानं स्वतःच्याच कोऱ्या साच्यात पाहिलं. तिथं काय असणार? आणि शून्यावर व्याज ते किती?

भाच्यानं मग दहा ओळींचा प्रोग्राम लिहिला. एक बाप, एक मुलगा, एक दार. तिथंही शून्यच! कंपायलरनं तयार केलेल्या ओळी वाचल्यावर चूक उघडी पडली. ती त्यानं कंपायलर बनवणाऱ्यांना कळवली. तोवर दाराऐवजी बापाकडं एक साधी कृती लिहून काम भागवलं.

उर्दू गझल मराठीत आणताना माझंही असं होतं. शब्द सगळे येतात, पण बोलणारा कोण हे मागं राहतं. मग सगळं बरोबर असूनही हाती शून्य.

म्हातारीची शिल्लक आता नीट दिसते. मधे ती हरवली होती हे तिच्या गावीही नाही.