पहिल्या हिरवळीवर जनावरं सोडू नका
माळाचे चार पट्टे पाडा, पाळीपाळीनं चारा



थंड मुलखात वसंत आला की कुरणं हिरवी होतात आणि तिकडचे लोक गोठ्यातली जनावरं बाहेर काढतात. आपल्या अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यात चैत्र-वैशाखात माळ वाळून कोळ झालेला असतो. आपल्या गवताचा वसंत येतो तो मृगाच्या पावसानं. पण चूक दोन्हीकडं एकच होते. जरा हिरवं दिसलं, की सोडली जनावरं! वर्षाच्या चाऱ्याचं बरंचसं नुकसान या पहिल्या तीन-चार आठवड्यांतच होतं. ते कसं आणि त्यावर उपाय काय, ते या पत्रकात सांगत आहोत.

पहिलं पान शिदोरीवर वाढतं

पवन्या, मारवेल, अंजन ही बारमाही गवतं. उन्हाळ्यात ती वरून वाळतात, पण बुडखा आणि मुळ्या जिवंत राहतात. गेल्या हंगामात तिथं साठवलेल्या शिदोरीवरच पावसानंतरचं पहिलं पान फुटतं. पानं पुरेशी मोठी झाली, म्हणजे ती स्वतः अन्न तयार करतात आणि घेतलेलं मुळांना परत करतात. दोन बोटांचं पान जनावरानं ओरबाडलं, तर बुडख्याला पुन्हा शिदोरी सोडावी लागते. असं तीन-चार वेळा झालं की मुळ्या आखडतात, ठोंब मरतो आणि त्या जागी कुसळी, टाकळा, तरवड माजतात.

जनावराचाही त्यात फायदा नाही. कोवळ्या गवतात पाणीच जास्त. चार पानांसाठी गाय दिवसभर माळ तुडवते आणि एकदम हिरवं खाल्ल्यानं तिला ढाळही लागते. म्हणून गवत चारण्याजोगं होईपर्यंत कडब्यावर भागवावं. पुढंही आठ-दहा दिवस सकाळी थोडा कडबा खाऊ घालूनच जनावर बाहेर काढावं.

मिश्र गवताची गोष्ट निराळी

आपल्या माळावर एकच गवत नसतं. मोकळ्या चराईत जनावर आधी मारवेल आणि पवन्या निवडून खातं, कुसळी ठेवतं. रोज तेच होत राहिलं की चांगलं गवत कधी बी धरत नाही आणि कुसळीचं बी मात्र सगळीकडं पडतं. पाच-सात वर्षांत माळ कुसळीचा होतो. म्हणजे दोष गवताचा नाही, आपल्या चराईचा आहे.

कुसळी कोवळी असताना जनावरं खातात. तिला कुसळं आली की ती तोंडात टोचतात, मेंढीच्या लोकरीत आणि कातडीत घुसतात. म्हणून ज्या भागात कुसळी जास्त, तो भाग चराईयोग्य होताच सर्वांत आधी चारावा. उरलेली कुसळं येण्याआधी कापून टाकावी.

चार पट्टे कसे पाडाल?

माळाचे अंदाजे सारखे चार भाग करा. तारेचं कुंपण लागत नाही. दगडाची ओळ, घायपाताची रांग, ओढा किंवा बांध ही हद्द पुरे. खरं कुंपण म्हणजे गुराखी.

एक पट्टा पावसाळाभर पूर्ण बंद ठेवायचा. उरलेल्या तिघांत आळीपाळीनं चारायचं. गवत वीत-दीड वीत झालं की पहिल्या पट्ट्यात शिरा. चार-सहा बोटं उरलं की बाहेर पडा. साधारण दहा-बारा दिवसांनी पट्टा बदलला, तर प्रत्येक पट्ट्याला वीस-चोवीस दिवस विसावा मिळतो. पाऊस वेळेवर झाला तर पुष्य नक्षत्राच्या सुमारास सुरुवात होते. मात्र पंचांगापेक्षा गवताची उंची पाहा. पावसानं ओढ दिली की गवत थांबतं. अशा वेळी पुन्हा त्याच पट्ट्यात घुसू नका. विसावा वाढवा, जनावरं दावणीला घ्या.

बंद ठेवलेल्या पट्ट्यात बी पिकून पडलं, की गवत विळ्यानं कापून गंज लावा. पुढल्या वर्षी दुसरा पट्टा बंद. चार वर्षांत सगळा माळ एकदा बी टाकून घेतो.

माळ किती जनावरांचा?

हा हिशेब घरीच करता येतो. काठ्यांचा एक मीटर लांब-रुंद चौकोन करा. पाऊस सरताना बंद पट्ट्यात तीन-चार ठिकाणी त्यातलं गवत कापा, वाळवा, तोला आणि सरासरी काढा. समजा २०० ग्रॅम भरलं. एकरात सुमारे ४,००० चौरस मीटर, म्हणजे वाळलेलं गवत ८०० किलो. त्यातलं निम्मं माळाला ठेवायचं, निम्मं जनावरांचं. वाट्याला आलं ४०० किलो.

मध्यम गावरान गाईला दिवसाला सुमारे ८ किलो सुका चारा धरा. दोन गाईंना १६ किलो. म्हणजे एकराचा पट्टा २५ दिवस पुरतो आणि तीन पट्टे ७५ दिवस. चार एकर माळावर दोन जनावरांचा पावसाळा असा निघतो. तिथं सहा जनावरं सोडली, तर पंचवीस दिवसांत सगळं संपतं आणि बुडखेही जातात.

आत्ता, पावसाआधी काय करायचं?

वाळलेला माळ पेटवू नका. उतारावर आडवे समतल चर काढा. मारवेलचे ठोंब चांगला पाऊस होताच दीड-दोन फुटांवर लावा, मधे स्टायलोचं बी टाका. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठानं फुले मारवेल ०६-४० हे गवत आणि स्टायलोची फुले क्रांती ही जात दिलेली आहे. बियाणं-ठोंबांची चौकशी आधीच करून ठेवा. घटसर्प आणि फऱ्याच्या लसी पावसाआधी टोचून घ्या.

गायरानाचं काय?

तुम्ही म्हणाल, “मी थांबलो, तर दुसऱ्याची जनावरं खाऊन जातील.” खरं आहे. म्हणून गायरानाचा निर्णय ग्रामसभेतच व्हावा. पारनेर तालुक्यातल्या राळेगणसिद्धीनं आणि नगर तालुक्यातल्या हिवरे बाजारनं चराईबंदी गावानं ठरवून पाळली. हिवरे बाजारात लोक गवत कापून नेऊन दावणीला घालू लागले. १९९० च्या दशकात दीडशे लिटरच्या आसपास असलेलं गावाचं रोजचं दूध पुढं काही हजार लिटरवर गेलं. गवताबरोबर पाणलोटाचं कामही होतं, हे विसरू नये.

माळ पार उघडा पडला असेल, तर आधी दोन-तीन वर्षं पूर्ण बंदी, फक्त विळ्याची कापणी. गवत धरलं की मग चार पट्ट्यांची पाळी. मात्र ज्याला शेत नाही, चार शेळ्यांवरच घर आहे, त्याला आधी विचारा. कापणीत त्याचा वाटा ठरवा. मेंढपाळ मंडळींनाही वाट आणि पाणी ठरवून द्या. त्यांना वगळून केलेली बंदी टिकत नाही.

१९७२ चा दुष्काळ जुनी माणसं सांगतात. २०१९ च्या उन्हाळ्यात जिल्ह्यात चारा छावण्या उघडाव्या लागल्या, ते तर आपण सगळ्यांनीच पाहिलं. सगळा दुष्काळ काही चार पट्ट्यांनी हटणार नाही. पण घरची गंज असली, तर दुभती गाय बाजारात न्यायची वेळ उशिरा येते, कधी येतही नाही.

लक्षात ठेवा
१. गवत वीतभर झाल्याशिवाय माळावर जाऊ नका.
२. चार-सहा बोटं उरलं की पट्टा बदला.
३. दरवर्षी एक पट्टा बियाण्यासाठी राखा.
४. निम्मं गवत जनावरांचं, निम्मं माळाचं.
५. जनावरं माळ मोजून ठेवा.