मॉरिस मायनर

दुसरे महायुद्ध १९४५ साली संपले. ब्रिटन जिंकला होता, पण देशात सगळ्याच वस्तूंची टंचाई होती. पोलाद पुरेसे मिळत नव्हते आणि पेट्रोल तर १९५० पर्यंत रेशनवर होते. अशा दिवसांत ऑक्सफर्डजवळच्या एका कारखान्यात मॉरिस मायनर ही लहान मोटार तयार झाली.

तिची रचना अ‍ॅलेक इसिगोनिस यांनी केली. त्यांचा जन्म १९०६ साली स्मर्ना येथे, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातील इझमीर शहरात झाला. युद्धामुळे त्यांच्या कुटुंबाला ते शहर सोडावे लागले. ब्रिटनमध्ये शिकताना ते गणितात तीनदा नापास झाले. (मुलांनो, यावरून गणिताचा अभ्यास सोडू नका!) चित्रे मात्र ते फार सुंदर काढत. मोटारीच्या लहानसहान भागांचीही चित्रे त्यांनी स्वतः काढली. मोटार स्वस्त असली तरी तिच्यात चार माणसांना ऐसपैस बसता आले पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता.

मोटारीचा नमुना तयार झाला, पण इसिगोनिस यांना तो अरुंद वाटू लागला. बंपर तर बनूनही आले होते. दुसरा कोणी असता तर गप्प बसला असता. त्यांनी नमुना मधोमध उभा कापून घेतला आणि दोन्ही भाग हळूहळू लांब सरकवायला सांगितले. चार इंचांचे अंतर पडले तेव्हा त्यांचे समाधान झाले! आधी बनलेले बंपरही मध्ये कापून पट्टी जोडावी लागली. इंजिनावरच्या झाकणावर मधोमध दिसणारा उंच पट्टा म्हणजे तेच चार इंच.

कारखान्याचे मालक लॉर्ड नफील्ड यांना ही गोलमटोल मोटार मुळीच आवडली नाही. त्यांनी तिला अंड्याची उपमा दिली म्हणतात! १९४८ मध्ये ती बाजारात आली आणि लोकांनी मात्र ती उचलून धरली. वळणावर ती डगमगत नसे, पेट्रोलही बेताचेच खाई. डिसेंबर १९६० मध्ये दहा लाखावी मायनर तयार झाली. एवढी संख्या गाठणारी ती पहिली ब्रिटिश मोटार. त्या आनंदात सुमारे ३५० गाड्यांना फिकट जांभळा रंग दिला गेला.

भारतात ती काही काळ ‘बेबी हिंदुस्थान’ या नावाने मिळत असे. २०१४ पर्यंत बनणारी आपली अ‍ॅम्बॅसेडरही मॉरिस ऑक्सफर्ड या मोटारीवरूनच घेतलेली.

१९७० च्या दशकाच्या सुरुवातीला मायनरचे उत्पादन थांबले. तरीही ब्रिटनमध्ये हौशी लोक तिला आजही रस्त्यावर काढतात. तिच्या इंजिनाभोवती मोकळी जागा आहे. झाकण उघडले की प्रत्येक भाग डोळ्यांना दिसतो आणि साध्या पान्याने घरच्या घरी दुरुस्त करता येतो.