पत्रा चार किलोचा, वारा शंभरावर

नागपुरात टिनाचं शेड घालायचं ठरलं की पहिली चौकशी पत्र्याच्या जाडीची होते. माझ्या मते पहिला प्रश्न वेगळा हवा: पत्रा धरून कशानं ठेवणार?

वाऱ्याच्या भारासाठीच्या भारतीय मानकात (आयएस 875, भाग 3) नागपूरसाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला 44 मीटर, म्हणजे ताशी सुमारे 158 किलोमीटर धरला आहे. समुद्राकाठच्या मुंबईलाही हाच आकडा लागू आहे. या वेगाला चौरस मीटरमागे साधारण 118 किलो वजनाइतका दाब तयार होतो. अर्धा मिलिमीटर जाडीच्या पोलादी पत्र्याचं तेवढ्या जागेतलं वजन जेमतेम चार किलो. जाडी पाऊण मिलिमीटर केली तरी सहाच. म्हणजे वजनाच्या भरवशावर छत टिकत नाही.

वादळात पत्रा खाली दाबला जाण्यापेक्षा वर ओढला जातो. ही ओढ कडांना आणि कोपऱ्यांवर सर्वांत जास्त असते. शेडची एक बाजू उघडी असेल, तर आत शिरलेली हवा खालूनही रेटते. म्हणून कडेच्या ओळींत हूक जवळजवळ हवेत आणि खांब काँक्रीटमध्ये खोल रोवलेले हवेत. नाहीतर पत्रे शाबूत राहतात आणि सांगाडाच उपटला जातो.

उन्हाचा मारा सावकाश चालतो. 23 मे 2013 रोजी इथे पारा 47.9 अंशांवर गेला होता. 29 डिसेंबर 2018 रोजी तो 3.5 पर्यंत उतरला. उन्हातला पत्रा हवेपेक्षा कितीतरी जास्त तापतो. साठ अंशांच्या फरकानं दहा मीटरचा पोलादी पत्रा सात मिलिमीटर लांबतो. या रोजच्या ताणाताणीत हूकचं छिद्र रुंदावतं, रबरी वायसर चिरतो आणि पावसाळ्यात गळती तिथूनच सुरू होते. नालीदार पत्र्याला छिद्र उंचवट्यावर पाडायचं, ते यासाठीच.

कळमन्यापासून हिंगण्यापर्यंत अशा छतांखाली माणसं भर मे महिन्यात राबतात. उघडा जस्ती पत्रा शोषलेली उष्णता सहजी बाहेर टाकत नाही. पांढरा रंग ऊन परतवतो आणि उष्णताही सोडतो. हा खर्च मालकानं टाळू नये.

राहिला गंज. ओरखडा पडला तर शेजारचं जस्त आधी झिजतं आणि पोलाद वाचतं, पण जस्त असेल तोवरच. दोन्ही बाजू मिळून चौरस मीटरला 120 ग्रॅम जस्ताचा पत्रा आणि 275 ग्रॅमचा पत्रा दिसायला सारखेच असतात. हा आकडा बिलावर लिहून घ्या, आणि मृग लागण्याआधी दरवर्षी वायसर तपासून घ्या.